कुत्र्याला रोज काय घालावे?

घरात कुत्रा आला की पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर प्रत्येक जण वेगळे देतो, तो म्हणजे त्याला रोज खायला काय घालायचे. शेजारी दूध-पोळी सांगतात, दुकानदार अमुक कंपनीची पिशवी पुढे करतो, एखादा मित्र कच्च्या मांसाचा आग्रह धरतो आणि वडीलधारी मंडळी सांगतात की गावाकडची कुत्री शिळ्या भाकरीवर वाढली आणि बारा-बारा वर्षे जगली. आमच्या साताऱ्याच्या घरी सध्या दोन कुत्री आहेत. १५ किलोची तानी गावठी आहे आणि ३० किलोचा बंड्या लॅब्रॅडोर आहे. या दोघांना रोज जेवायला घालताना, पशुवैद्यांना विचारून आणि या विषयावर मिळेल ते वाचून माझे जे मत पक्के झाले, ते मी येथे मांडते आहे. पिशवी कोणत्या कंपनीची, हा प्रश्न फार नंतरचा आहे. त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे मिळायला हवीत: जे घालतो आहोत ते अन्न म्हणून पुरे पडते का, आणि ते मोजून घातले जाते का.

भाकरीचा मुद्दा आधी घेते, कारण तो पूर्णपणे चुकीचा नाही. धनगरांची कुत्री ज्वारी-बाजरीची भाकरी आणि ताक यांवर मेंढरांमागे कोसच्या कोस चालतात, हे आपल्याकडे कोणीही पाहिलेले आहे. धान्य पचवण्याची ही ताकद कुत्र्यात माणसाच्या सोबतीने आली. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज या विकराचे जनुक लांडग्यात दोनच प्रतींत असते, तर कुत्र्यात त्याच्या ४ पासून ३० पर्यंत प्रती सापडतात. तेव्हा भात, भाकरी, बटाटा ही कुत्र्याच्या पोटाला परकी गोष्ट आहे, असे म्हणण्यात अर्थ नाही. परंतु पचणे वेगळे आणि पुरे पडणे वेगळे. गावातले कुत्रे केवळ भाकरीवर जगत नव्हते. ते उंदीर मारत असे, खाटकाच्या दुकानामागे जाऊन येत असे, मेलेली कोंबडी, माशांची डोकी, उकिरड्यावरचे हवे ते खात असे आणि त्याच्या आहारातली तूट अशा प्रकारे भरून निघत असे. शिवाय त्याच्या अवतीभवतीची जी पिल्ले जगली नाहीत, त्यांचा हिशोब कोणी ठेवला नाही. फ्लॅटमधल्या किंवा कुंपणाच्या आतल्या कुत्र्याला मात्र आपण ताटलीत जे घालू तेवढेच मिळते. त्याच्या आहाराची सगळी जबाबदारी आपल्यावर येते ती यामुळे.

दूध-पोळीचे काय होते ते पाहू. कुत्र्याच्या आहारासाठी जगभर वापरले जाणारे एक मानक अमेरिकेतील आफको या संस्थेचे आहे. त्यानुसार अन्नातले पाणी वजा करून उरणाऱ्या भागात मोठ्या कुत्र्यासाठी किमान १८ टक्के आणि वाढत्या पिल्लासाठी किमान २२.५ टक्के प्रथिने असावी लागतात. गव्हाच्या पिठात ११-१२ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात, तांदळात ७-८ टक्के, आणि या धान्यांच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडते. कपभर दूध ही तूट काही अंशी भरून काढते, परंतु पिल्लू मोठे होते तशी दुधातली साखर पचवण्याची त्याची क्षमता उतरत जाते आणि पुष्कळ वयात आलेल्या कुत्र्यांना दुधाने पातळ शी होते. दही आणि ताक त्यांना बरे सोसते. लोह, जस्त, तांबे, आयोडीन, ड जीवनसत्त्व यांच्या बाबतीत तर दूध-पोळी फारच तोकडी पडते. ड जीवनसत्त्वाचा उल्लेख मी मुद्दाम करते, कारण पुष्कळांना वाटते की कुत्रे उन्हात बसते म्हणजे ते मिळून जाते. माणसाच्या त्वचेत उन्हामुळे हे जीवनसत्त्व जसे तयार होते तसे ते कुत्र्याच्या त्वचेत पुरेसे तयार होत नाही. ते त्याला अन्नातूनच मिळावे लागते.

आता याच्या उलट टोकाची गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका घरी जर्मन शेफर्डचे पिल्लू आणले होते. घर हौशी होते, पैशाला मागेपुढे पाहणारे नव्हते आणि 'कुत्रा हा मांसाहारी प्राणी' या समजुतीने त्यांनी पिल्लाला रोज उकडलेला कोंबडीचा खिमा घातला, बाकी काहीही नाही. पिल्लाच्या अंगावर तकाकी होती, वजनही वाढत होते. मी पाहिले तेव्हा ते फरशीवर उभे होते आणि त्याचे पुढचे पाय मनगटापाशी इतके झुकले होते की पंजाऐवजी जवळजवळ मनगटच जमिनीला टेकत होते. उचलून घेतल्यावर ते कळवळले. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला तेव्हा हाडे आजूबाजूच्या मांसाइतकीच फिकी दिसत होती आणि मागच्या पायाच्या हाडाला कोणत्याही पडझडीशिवाय बारीक तडा गेलेला होता. याचे कारण सरळ आहे. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर असतो आणि कॅल्शियम जवळजवळ नसते. दोहोंचे प्रमाण एकास पंधरा-वीस इतके विषम असते, तर कुत्र्याला ते एकास एक ते दोनास एक, म्हणजे कॅल्शियम बरोबरीने किंवा जास्त, असे लागते. रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर मग स्वतःच्या हाडांतून ते काढू लागते. लांडगा मांस खातो हे खरे, पण तो शिकारीची हाडेही खातो, हे त्या युक्तिवादात विसरले जाते. त्या पिल्लाचा आहार बदलला, काही आठवडे त्याला कमी हालचालीत ठेवले आणि ते सावरले. सगळीच पिल्ले इतक्या वेळेत डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाहीत.

याच विषयातली दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे आणि आपल्याकडे तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. पिल्लू घेतले की त्यासोबत कॅल्शियमचे सिरप घेण्याची पद्धत पडून गेली आहे. लॅब्रॅडोर, रॉटवायलर, ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींच्या पिल्लांना पिल्लांसाठीचे परिपूर्ण तयार खाद्य मिळत असताना वरून कॅल्शियम पाजणे हे अपायकारक आहे. लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचे कॅल्शियम अडवून धरता येत नाही. आले तेवढे शोषले जाते आणि हाडांची व सांध्यांची वाढ बिघडते. मोठ्या जातीच्या पिल्लाला भरपूर खाऊ घालून लवकर थोराड करण्याची हौसही याच कारणासाठी सोडून द्यावी. त्याची वाढ सावकाश झाली तरी त्याची उंची कमी होत नाही, आणि सांधे मात्र वाचतात. अशा पिल्लांसाठी 'लार्ज ब्रीड पपी' म्हणून वेगळे खाद्य मिळते, त्यात कॅल्शियमची कमाल मर्यादा पाळलेली असते. तो फरक केवळ जाहिरातीचा नाही.

घरी शिजवलेल्या अन्नाविषयी माझ्या मनात आदर आहे आणि ते उत्तम होऊ शकते यात मला शंका नाही. मात्र ते अंदाजाने होत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यांनी कुत्र्यांच्या घरगुती आहाराच्या २०० पाककृती तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील ९५ टक्के पाककृतींत किमान एक तरी आवश्यक घटक कमी पडत होता, आणि या पाककृतींत पशुवैद्यांनी लिहिलेल्याही काही होत्या. आपल्याकडचा नेहमीचा 'चिकन-राईस' घ्या. तानीला दिवसाला साधारण ८५० किलोकॅलरी लागतात आणि त्या हिशोबाने तिला रोज एक ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम हवे. तीनशे ग्रॅम हाडाविना कोंबडी आणि त्यासोबतचा भात मिळून त्याचा दहावा भागही हाती लागत नाही. अंड्याची कवचे धुऊन, उकळून, वाळवून मिक्सरमध्ये अगदी पिठासारखी बारीक केली तर त्याची अर्धा चमचा पूड ही तूट भरून काढते, कारण एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असते. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, त्यामुळे नाचणीची आंबील किंवा भाकरी चांगलीच आहे, पण त्यातले सगळे कॅल्शियम अंगी लागत नाही आणि तेवढ्यावर विसंबता येत नाही. कोंबडीवाल्याकडची कलेजी अत्यंत पौष्टिक असते. तरीही ती एकूण आहाराच्या विसाव्या भागापर्यंतच ठेवावी, कारण तिच्यातले अ जीवनसत्त्व शरीरात साठत जाते. अंडे उकडूनच द्यावे. कच्चा पांढरा बलक रोज पोटात गेला तर त्यातील अविडिन हे द्रव्य बायोटिन या जीवनसत्त्वाला अडवते. एवढे सगळे केल्यावरही जस्त, आयोडीन, ई जीवनसत्त्व यांचा प्रश्न राहतोच, म्हणून घरचे अन्न हाच रोजचा आहार ठेवायचा असेल तर पशुवैद्यांकडून एकदा वजनानिशी पाककृती लिहून घ्यावी, त्यांनी सांगितलेली खनिज-जीवनसत्त्वांची पूड त्यात घालावी आणि नंतर त्या पाककृतीत आपल्या मनाने बदल करू नयेत. कोंबडीऐवजी आज पनीर, उद्या भाताऐवजी रताळे असे करत गेले की महिन्याभरात मूळ हिशोब शिल्लक राहत नाही.

शाकाहारी घरांतून हा प्रश्न अधिक अवघड होतो, आणि तो टाळण्यासारखा नाही, कारण महाराष्ट्रात अशी असंख्य घरे आहेत जेथे मांस शिजणार नाही पण कुत्र्यावर जीव आहे. मांजर शाकाहारावर ठेवता येत नाही. कुत्रा ठेवता येतो, परंतु नीट जुळवलेल्या आहारावरच. येथे सर्वांत मोठा गैरसमज वरणाचा आहे. तुरीच्या कोरड्या डाळीत २२ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात, म्हणून वरण-भात म्हणजे प्रथिनांचे जेवण असे गृहीत धरले जाते. पण शिजून, घोटून, पाणी घालून सारखे केलेल्या वरणात डाळ थोडीच उरते आणि वाटीभर वरणातून पाच-सहा ग्रॅमांपलीकडे प्रथिने क्वचितच मिळतात. त्यामुळे शाकाहारी ताटात दही, पनीर, भिजवून पिळून शिजवलेले सोयाबीनचे वडे यांना मुख्य जागा हवी, आणि घरात चालत असेल तर उकडलेले अंडे हा त्या ताटाचा सर्वांत मोठा आधार आहे. परिपूर्ण शाकाहारी तयार खाद्यही आता मिळते. माझा सल्ला विचारला तर शाकाहारी घराने रोजचा पाया अशा तयार खाद्याचा ठेवावा आणि त्यावर थोडे घरचे घालावे, विशेषतः कुत्रा पिल्लू असेल किंवा कुत्री गाभण असेल तर घरगुती शाकाहारावर प्रयोग करूच नये.

आमच्या घरी दोघांचाही पाया कोरड्या तयार खाद्याचा आहे, वरून रोज थोडे घरचे असते. पिशवी निवडताना मी पुढच्या बाजूचे चित्र पाहत नाही, मागची बारीक अक्षरे वाचते. सर्वांत आधी शोधायचे ते 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड', म्हणजे परिपूर्ण आणि संतुलित, हे शब्द आणि त्यासोबत ते आफको किंवा युरोपातील फेडियाफ यांच्या निकषांप्रमाणे कोणत्या वयासाठी आहे, याचे विधान. 'पूरक आहार' किंवा 'ट्रीट' असे लिहिलेली वस्तू रोजचे जेवण होऊ शकत नाही, मग ती कितीही महाग असो. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पण तीही समजून वाचावी लागते. ताजी कोंबडी पहिल्या क्रमांकावर असली तरी तिच्या वजनात सत्तर टक्के पाणी असते आणि खाद्य कोरडे केल्यावर तो क्रम तसाच राहत नाही. नुसता 'चिकन फ्लेवर' असेल तर त्याचा अर्थ चव एवढाच घ्यावा. ओले आणि कोरडे खाद्य शेजारी ठेवून टक्केवारीची तुलना केली तर हमखास फसगत होते. ओल्या खाद्याच्या पाकिटावर प्रथिने ८ टक्के आणि ओलावा ७८ टक्के लिहिलेला असतो, कोरड्या पिशवीवर प्रथिने २४ टक्के आणि ओलावा १० टक्के. पाणी वजा केले की पहिल्यात कोरड्या भागाच्या ३६ टक्के प्रथिने निघतात आणि दुसऱ्यात २७ टक्क्यांच्या आत. शंभर ग्रॅमला किती किलोकॅलरी, हा आकडा पिशवीवर नसेल तर कंपनीला विचारावा, आणि कंपनी तो देऊ शकत नसेल तर दुसरी पिशवी घ्यावी, कारण त्या आकड्याशिवाय मोजून घालणे शक्यच नाही.

'ग्रेन-फ्री', म्हणजे धान्य नसलेल्या, खाद्याचे सध्या फार कौतुक आहे. धान्याची खरी ॲलर्जी कुत्र्यांत कमी आढळते आणि अन्नाची ॲलर्जी असलीच तर ती बहुतेक वेळा मांस, अंडी किंवा दुधातल्या प्रथिनांची निघते. २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वाटाणे, मसूर, बटाटे यांवर आधारलेल्या अशा खाद्यांचा आणि कुत्र्यांतील हृदय पसरण्याच्या आजाराचा संबंध असावा का, याची तपासणी सुरू केली. कारण-परिणाम सिद्ध झालेला नाही, परंतु त्या खाद्यासाठी जास्त पैसे मोजावेत असे एकही कारण मला आजवर पटलेले नाही.

आता मोजमाप. कुत्र्याला किती ऊर्जा लागते ते काढायला पशुवैद्य एक साधे सूत्र वापरतात आणि ते मोबाइलच्या गणकयंत्रावर कोणालाही करता येते. किलोतले वजन तीनदा एकमेकांशी गुणावे, आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढावे, त्याचे पुन्हा वर्गमूळ काढावे आणि ७० ने गुणावे. ही झाली नुसती पडून राहण्यासाठी लागणारी ऊर्जा. नसबंदी झालेल्या, बेताची हालचाल असलेल्या मोठ्या कुत्र्यासाठी तिला १.६ ने गुणावे, नसबंदी न झालेल्यासाठी १.८ ने आणि चार महिन्यांच्या आतल्या पिल्लासाठी ३ ने. तानीचे वजन १५ किलो: तीनदा गुणून ३,३७५, वर्गमूळ ५८, पुन्हा वर्गमूळ ७.६, गुणिले ७० म्हणजे ५३४, आणि गुणिले १.६ म्हणजे सुमारे ८५४ किलोकॅलरी. बंड्याचे वजन तिच्या बरोबर दुप्पट आहे, पण त्याचा आकडा १,४३६ येतो, म्हणजे दुपटीला बराच कमी. 'याचे वजन दुप्पट, म्हणून याला दोन वाट्या' हा घरोघरी चालणारा हिशोब मोठ्या कुत्र्याला लठ्ठ करतो तो असा. शंभर ग्रॅमला ३६० किलोकॅलरी देणारे खाद्य असेल तर तानीला दिवसाला २३५ ते २४० ग्रॅम आणि बंड्याला ४०० ग्रॅमच्या आतबाहेर पुरते, आणि तेही वरून काही न दिल्यास. वाटीने न मोजता स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजावे. एकच वाटी दोन माणसे भरतात तेव्हा तिच्यात चांगलाच फरक पडतो, हे मी काट्यावर पाहिले आहे.

सूत्राचा आकडा ही सुरुवात असते, खरे उत्तर कुत्र्याच्या अंगावर असते. त्याच्या फासळ्यांवरून दोन्ही हातांनी, दाब न देता, बोटे फिरवावीत. आपल्या हाताचा पंजा सरळ धरून त्या पंजाच्या मागच्या बाजूवरून दुसऱ्या हाताची बोटे फिरवताना हाडे जशी लागतात तशा फासळ्या लागल्या तर वजन योग्य आहे. मूठ वळल्यावर वरची हाडे लागतात तशा टोचल्या तर कुत्रे हडकुळे आहे, आणि तळहातासारखे मऊ लागून फासळ्या शोधाव्या लागल्या तर ते लठ्ठ आहे. वरून पाहताना फासळ्यांच्या मागे कंबर दिसावी आणि बाजूने पाहताना पोट मागे वर चढलेले दिसावे. या गोष्टीला किती महत्त्व आहे ते ४८ लॅब्रॅडोर कुत्र्यांवर पिल्लू असल्यापासून मृत्यूपर्यंत केलेल्या एका प्रसिद्ध अभ्यासातून कळते. प्रत्येक जोडीतल्या एका कुत्र्याला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिले गेले, आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमी खाणारी कुत्री सरासरीने जवळजवळ दोन वर्षे अधिक जगली, त्यांना सांधेदुखीचे औषधही उशिरा लागले. कोणतेही महागडे खाद्य किंवा टॉनिक दोन वर्षांचे आयुष्य देत असल्याचे मी ऐकलेले नाही.

अडचण अशी की कुत्रे मागते, आणि लॅब्रॅडोर तर सतत मागते. २०१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांना आढळले की तेथील लॅब्रॅडोरांपैकी सुमारे एक चतुर्थांश कुत्र्यांच्या पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या एका जनुकात तुकडा गळालेला असतो. बंड्या ताटली चाटून झाल्यावर जे पाहतो ते पाहून माझ्या सासूबाईंना राहवत नाही. "अगं, त्याचं तोंड तरी बघ. आत्ता जेवलाय असं वाटतंय का?" असे त्या मला विचारतात आणि त्यांच्या चहासोबतची बिस्किटे त्याच्यासमोर जातात. त्यांना मना करणे मला पटले नाही, कारण त्या बिस्किटात माया असते आणि बंड्यालाही त्या दोन मिनिटांची ओढ असते. म्हणून आम्ही एक झाकणाचा डबा ठरवला आहे. सकाळी काट्यावर मोजलेल्या त्याच्या दिवसभराच्या खाद्यातले मूठभर त्या डब्यात काढून ठेवले जाते आणि घरातल्या कोणीही, कधीही, त्यातूनच द्यायचे. डबा रिकामा झाला की संपले. बंड्याला बिस्किटाचा दाणा आणि खाद्याचा दाणा यांत फारसा फरक वाटत नाही, हाताने मिळाले एवढे त्याला पुरते. बाहेरचे जे काही द्यायचे ते दिवसाच्या ऊर्जेच्या दहाव्या भागात बसवावे, हा पशुवैद्यांचा नियम आहे. तानीच्या बाबतीत हा दहावा भाग म्हणजे ८५ किलोकॅलरी, आणि तेवढ्यात तीन-चार ग्लुकोज बिस्किटे होतात. तूप लावलेली एक पोळी तर त्या मर्यादेच्या बाहेरच जाते. गाजर, काकडी, दुधी, बी काढलेले सफरचंद यांचे तुकडे त्यामानाने मोकळ्या हाताने देता येतात.

काही पदार्थ मात्र अजिबात नकोत, आणि आपल्या भागातल्या स्वयंपाकघराच्या दृष्टीने ते लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. साताऱ्या-कोल्हापुराकडे रस्सा, आमटी, पिठले काहीही असो, त्यात कांदा-लसूण मसाला असतो. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात आणि शिजवल्याने, वाळवल्याने हा गुण जात नाही, उलट वाळलेल्या मसाल्यात तो एकवटलेला असतो. वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला तरी विषबाधा होते, म्हणजे तानीला ७५ ग्रॅम, एक मध्यम कांदा. रोज थोडा थोडा रस्सा भाकरीवर ओतला तरी रक्तक्षय होऊ शकतो आणि तो बराच काळ लक्षात येत नाही. म्हणून 'आमच्यातलेच थोडे वाढते' ही पद्धत, मसाला पडण्याआधी वेगळे काढले नसेल तर, बंदच करावी. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंडे निकामी करू शकतात, आणि किती खाल्ले तर चालेल असा आकडा कोणी देऊ शकत नाही. तासगावचे बेदाणे आपल्याकडे शिऱ्यात, लाडवात, प्रसादात सर्रास असतात, त्यामुळे सणावारी विशेष जपावे लागते. त्यातले टार्टारिक आम्ल याला कारणीभूत असावे असे अलीकडे मानले जाते, आणि तेच आम्ल चिंचेत असल्याने चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही असाच त्रास नोंदला गेला आहे. चिंच-गुळाची आमटीही यात आली. चॉकलेट सर्वांना ठाऊक आहे. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले च्युइंगगम आणि मिठाया मात्र पुष्कळांना ठाऊक नसतात, आणि त्यांनी रक्तातली साखर अर्ध्या-एक तासात धोकादायक पातळीला उतरते. शिजलेली हाडे, विशेषतः कोंबडीची, टोकदार फुटतात. दिवाळीतली चकली-करंजी किंवा मटणाची चरबी यांसारखे एकदम तेलकट-तुपकट खाल्ल्याने स्वादुपिंडाला सूज येते, आणि उलट्या करणारी, पाठ वाकवून पोट धरून उभी असलेली कुत्री दिवाळीनंतर दवाखान्यांत दिसतात ती यामुळे.

पावसाळ्यातली साठवण हाही आपल्याकडचा खास प्रश्न आहे. मोठी पिशवी किलोमागे स्वस्त पडते खरी, पण एकट्या तानीसाठी २० किलोची पिशवी उघडली तर ती जवळजवळ तीन महिने चालेल आणि दमट हवेत त्याच्या कितीतरी आधी तिच्यातली चरबी खवट होईल, बुरशीही धरेल. बुरशीतले अफलाटॉक्सिन यकृताला घातक असते आणि कुत्री त्याला फार संवेदनशील असतात. उघडलेली पिशवी महिन्याभरात संपेल एवढीच घ्यावी, खाद्य मूळ पिशवीतच ठेवून ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी म्हणजे तारीख आणि माहितीही जवळ राहते. दुकानात पोत्यातून सुटे वजन करून मिळणारे खाद्य मी घेत नाही.

जेवणाच्या वेळा मोठ्या कुत्र्याला दिवसातून दोन आणि लहान पिल्लाला तीन-चार असाव्यात. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड यांसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांना एकदाच मोठे जेवण घालू नये आणि जेवणानंतर लगेच पळवू नये, कारण त्यांच्यात पोट फुगून पीळ पडण्याचा प्रकार होतो आणि त्यात काही तासांत जीव जातो. उन्हाळ्यात कुत्रे आपणहून कमी खाते. त्या दिवसांत चमचमीत काही घालून त्याला आग्रह करण्याची गरज नसते. कोरड्या खाद्यावर असलेल्या कुत्र्याजवळ स्वच्छ पाणी मात्र सतत हवे.

नवे खाद्य सुरू करायचे असेल तर ते सात ते दहा दिवसांत, जुन्यात थोडे थोडे मिसळत करावे: आधी पाव हिस्सा नवे, दोन-तीन दिवसांनी निम्मे, मग पाऊण, आणि शेवटी सगळे. या दिवसांत शी किंचित सैल होणे स्वाभाविक आहे. घट्ट बांधलेली, उचलताना जमिनीला न चिकटणारी शी पुन्हा येऊ लागली की खाद्य पोटाला मानवले असे समजावे. केसांची आणि कातडीची परीक्षा मात्र लगेच होत नाही, त्यासाठी दीड-दोन महिने थांबावे आणि तोपर्यंत दर पंधरा दिवसांनी वजन करून ते लिहून ठेवावे. घरच्या काट्यावर आधी आपण एकटे आणि मग कुत्र्याला उचलून उभे राहिले की वजा करून त्याचे वजन मिळते. बंड्याएवढा कुत्रा उचलवत नसेल तर दवाखान्यातल्या जमिनीवरच्या काट्यावर त्याला नुसते उभे करून येता येते. वजन आपोआप घटत असेल, पाणी पिणे एकदम वाढले असेल किंवा जुलाब दोन दिवसांपलीकडे चालू राहिले, तर तो प्रश्न खाद्य बदलून सोडवण्याचा नसतो, त्यासाठी कुत्र्याला डॉक्टरांना दाखवावे आणि जाताना खाद्याच्या पिशवीचा मागच्या बाजूचा फोटो आणि वजनांची वही सोबत न्यावी.